काम नाही, हे कर्नेलला कसं कळतं?

रात्री तुम्ही फोन टेबलावर पालथा ठेवता. स्क्रीन काळी, आवाज बंद. सकाळी उचलता तेव्हा बॅटरी थोडी उतरलेली असते, चार मेसेज येऊन पडलेले असतात, अलार्म बरोबर वेळेवर वाजलेला असतो. म्हणजे रात्रभर फोन ‘काहीच करत नव्हता’ असं म्हणता येत नाही. पण बराचसा वेळ त्याच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, हेही खरं आहे. मग ‘आत्ता काम नाही’ हे त्याला कळतं कसं? ते ठरवतं कोण?

प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याचं तांत्रिक उत्तर पुढे येईलच. पण मला ते हवं आहे एका मराठी पुस्तकासाठी: गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. डहाणू आणि तलासरी भागातल्या वारली आदिवासींनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची ही हकिगत. पुस्तक १९७० मध्ये आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मराठीत अशी पुस्तकं फार नाहीत. तरी त्याचं शीर्षक मला खुपतं. का खुपतं, हे मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. शेवटी ते सांगायला शब्द मिळाले ते ऑपरेटिंग सिस्टिममधून. म्हणून आधी तिकडे जाऊ.

रांग रिकामी झाली की

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचं कर्नेल आहे. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी आणि किती वेळ द्यायचा, हे तो ठरवतो. त्यासाठी प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरची एक रांग असते. जे प्रोग्रॅम आत्ता, या क्षणी धावायला तयार आहेत, ते या रांगेत उभे. कर्नेल एकाला आत घेतं, थोडा वेळ देतं, मग दुसऱ्याला.

रांग संपली तर? प्रोसेसरला ‘कोणीही नाही’ ही अवस्था माहीत नसते. त्याला कुठली तरी आज्ञा पाळायची असतेच. म्हणून लिनक्समध्ये प्रत्येक कोअरसाठी एक खास काम राखून ठेवलेलं असतं. त्याला आयडल टास्क म्हणतात, त्याचा क्रमांक शून्य. त्याची पायरी सगळ्यात खालची. दुसरं कोणीही तयार असेल तर याला संधी नाही. आठ कोअरचा फोन असेल तर असे आठ जण आत बसलेले असतात. विंडोजमध्येही तसंच आहे. टास्क मॅनेजर उघडून ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ने ९९ टक्के प्रोसेसर घेतलाय हे पाहून घाबरलेले लोक तुम्हाला माहीत असतील. कदाचित तुम्हीच असाल. ते ९९ टक्के म्हणजे कोणी घेतलेला वेळ नाही, कोणीच न मागितलेला वेळ आहे.

म्हणजे ‘कर्नेल रिकामं आहे हे कसं ओळखायचं’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: ओळखावं लागतच नाही. रांग बघायची. रांगेत कोणी नसेल तर काम नाही. कोणाच्या चेहऱ्याकडे, हालचालीकडे बघून अंदाज बांधायची गरज नाही, कारण ज्याला काम आहे त्याने आपलं नाव आधीच रांगेत लावलेलं असतं.

आता आयडल टास्क करतो काय? जुन्या, साध्या सिस्टिममध्ये तो नुसता गोल गोल फिरायचा. ‘कोणी आलं का? नाही. कोणी आलं का? नाही.’ विंडोज ९५ याच वळणाचं होतं. प्रोसेसर पूर्ण जोरात धावायचा, तापायचा, आणि हाती काही नाही. इंटेलच्या ८०८६ या १९७८ च्या चिपपासून ‘हॉल्ट’ नावाची आज्ञा होती, जी प्रोसेसरला सांगते की पुढची हाक येईपर्यंत थांब. विंडोज ९५ ती वापरत नव्हतं, म्हणून लोक वेगळे छोटे प्रोग्रॅम मिळवून ती वापरायला लावायचे. तुमच्या फोनमधल्या आर्म प्रोसेसरवर याच कामाच्या आज्ञेचं नाव आणखी बोलकं आहे: ‘वेट फॉर इंटरप्ट’. हाक येईपर्यंत वाट बघ. लक्षात घ्या, रिकाम्या प्रोसेसरलासुद्धा ‘झोप’ म्हटलेलं नाही.

यात एक गंमत आहे. एखादा प्रोग्रॅम लिहून त्याला विचारलं, ‘कर्नेल आत्ता रिकामं आहे का?’ तर उत्तर कायम ‘नाही’ असायला हवं. कारण तो प्रोग्रॅम विचारतोय म्हणजेच प्रोसेसर त्याच्यासाठी कामाला लागलाय. म्हणून कर्नेल आत्ताचं सांगत बसत नाही, मागचा हिशेब ठेवतं. ‘प्रोक’ या फोल्डरात ‘स्टॅट’ नावाची फाइल असते. प्रोग्रॅमांसाठी किती वेळ गेला, कर्नेलच्या स्वतःच्या कामात किती गेला, रिकामा किती गेला, असे वेगवेगळे रकाने त्यात असतात. दोनदा वाचायची, वजाबाकी करायची.

थांबलेले कुठे जातात

आता मुद्द्याची गोष्ट. जे प्रोग्रॅम रांगेत नाहीत, ते कुठे आहेत?

समजा, एखाद्या ॲपने मेमरी कार्डवरून फोटो मागितला. फोटो यायला वेळ लागणार. तोवर त्याने रांगेत उभं राहून उपयोग नाही. कर्नेल त्याला बाजूला काढतं आणि दुसऱ्या यादीत ठेवतं: या गोष्टीची वाट बघणारे. फोटो आला की त्या यादीतून उचलून परत धावणाऱ्यांच्या रांगेत. या क्रियेचं नाव कर्नेलच्या भाषेतही ‘जागं करणं’ असंच आहे.

वाट बघण्याचेही दोन प्रकार. एकात मध्येच हाक मारली तर प्रोग्रॅम ओ देतो. दुसऱ्यात देत नाही. डिस्क किंवा तशाच कशाने तरी त्याला असं धरून ठेवलेलं असतं की ‘मर’ म्हटलं तरी तो मरत नाही. प्रोग्रॅमांच्या यादीत अशा प्रोग्रॅमपुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं. ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत, त्यांना या अक्षराची धास्ती असते.

१९९३ मध्ये लिनक्समध्ये एक छोटा बदल झाला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सिस्टिमवर किती ताण आहे हे सांगणारा एक आकडा असतो, लोड ॲव्हरेज. आधी त्यात फक्त धावणारे आणि धावायला तयार असलेले मोजले जायचे. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की डिस्क जितकी संथ, तितके जास्त प्रोग्रॅम अडकून पडतात. ते रांगेतून बाहेर गेल्यामुळे आकडा मात्र खाली येतो. मशीन रखडतंय आणि कागदावर सगळं निवांत. हे उफराटं होतं. म्हणून ठरलं की ज्यांना असं धरून ठेवलंय, त्यांनाही ताणात मोजायचं. तेव्हापासून लिनक्स त्यांना मोजतं.

हे सगळं मांडल्यावर एक गोष्ट समोर येते, जी कर्नेलचं पुस्तक वाचताना सहज निसटते. ‘आयडल’ हा शब्द कर्नेल प्रोसेसरच्या वेळेला लावतं. ज्याला काही करायचं आहे अशा प्रोग्रॅमला तो सहसा लावत नाही. प्रोग्रॅम धावतो, तयार असतो, वाट बघतो, थांबवलेला असतो, किंवा संपतो. ‘रिकामा प्रोग्रॅम’ अशी अवस्थाच नाही. रिकामी असते ती यंत्राची क्षमता, म्हणजे मालकाच्या बाजूची गोष्ट.

आपल्या म्हणीत बघा. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.’ शाळेत ही म्हण आपण हसत पाठ केली. पण त्या न्हाव्याचं काय चाललंय? तो दुकान उघडून, हत्यारं घेऊन बसलाय. गिऱ्हाईक नाही. कर्नेलच्या हिशेबात तो वाट बघणारा आहे. म्हण त्याला रिकामा म्हणते, कारण ती बाहेरून, ओसरीवर बसलेल्या कोणाच्या तरी नजरेने त्याच्याकडे बघते. ओसरीवरच्याला कोणी रिकामा म्हटल्याची म्हण मात्र मला आठवत नाही.

डहाणू रोडला उतरल्यावर

म्हणीतला तो कूड अजून बघायचा असेल तर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जावं. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, वर शेणामातीचा लेप. २०१३ पासून पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. त्यामुळे शनिवार-रविवारच्या रील्समध्ये हा भाग बराच दिसतो. चिकूच्या बागा, सुरूची झाडं, किनारा, आणि खाली ओळ ठरलेली: इथे वेळ थांबलाय. त्याच मुलखाबद्दल दुसरं ठरलेलं वाक्यही तुम्ही ऐकलं असेल, रीलमध्ये नाही तर घरात: हे लोक आळशी, उद्याचा विचार करत नाहीत. दोन्ही वाक्यांत बघणारा एकच आहे. सुट्टीवर असला की त्याला तिथला संथपणा आवडतो, कामावर असला की खटकतो.

१९४५ च्या आधी इथला हिशेब कसा होता? तलासरीचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होता. जमिनी जमीनदार-सावकारांच्या हातात गेलेल्या. वेठ म्हणजे त्यांचं काम आधी, फुकट. राब भाजणं, आवणी, कापणी, गवत, लाकूड, सगळं. स्वतःच्या तुकड्यावर आवणी करायची ती त्यांची उरकल्यावर, पाऊस उरला असेल तर. लग्नासाठी काढलेल्या थोड्या पैशांच्या बदल्यात नवरा-बायको दोघं सावकाराच्या घरी राबायला बांधली जायची. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटल्याचं सांगायचा अधिकार सावकाराच्या वहीला होता आणि वही त्याच्याकडे होती. परुळेकर तिथे पोहोचायच्या काही वर्षं आधी मुंबई सरकारसाठी सायमिंग्टन यांनी लिहिलेल्या अहवालातही या वेठीची आणि गुलामीची नोंद आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं.

लग्नगड्याला कुठल्या रकान्यात ठेवाल? तो दिवसभर राबतो, म्हणून सावकाराच्या दृष्टीने ‘चालू’. पण स्वतःच्या आयुष्यापुरता तो ‘डी’ अक्षरापुढचा आहे. कोणाच्या हाकेला ओ देऊ शकत नाही, कारण दुसऱ्याने त्याला धरून ठेवलंय. बाहेरून येणाऱ्याला दिसते ती खाली घातलेली मान आणि न मिळणारं उत्तर. त्याला झोप म्हणायचं की अडकवणूक, हे बघणाऱ्याच्या शब्दांवर अवलंबून राहतं.

‘जागा होतो’ म्हणजे काय होतो?

आता पुस्तकाकडे. गोदावरीबाई पुण्याच्या, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या, किसान सभेच्या कार्यकर्त्या. पुस्तकाच्या सुरुवातीला भीतीचं वर्णन आहे. लोक बोलत नाहीत, सावकाराच्या नावानेच गप्प होतात. मग हळूहळू सभा, प्रवास, विश्वास. मग संप, गोळीबार, तुरुंग, हद्दपारी. निवेदन साधं आहे. लेखिका स्वतःचं अज्ञान झाकत नाही, आणि म्हणून पुस्तक आजही वाचवतं. जे तिने पाहिलं ते ती लिहिते.

पण शीर्षक त्या सगळ्यावर एक चौकट घालतं: माणूस झोपला होता, मग जागा झाला. या चौकटीत जाग आणणारा कोणीतरी बाहेरून येतो. सुधारकांच्या काळापासून मराठीत ही भाषा आहे. जागृती, निद्रा, अंधार, पहाट. कम्युनिस्ट चळवळीने ती तशीच उचलली. ती बोलायला सोपी आहे, भाषणात चांगली वाजते. तिची अडचण अशी की ती झोपलेला आणि अडकवलेला यांत फरकच करत नाही.

आणि हा फरक पुस्तकातल्या घटनाच करतात. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव तालुक्यातले काही वारली जाऊन पोहोचले. त्यांत झरी गावचे माह्या धांगडा होते. वेठीची गोष्ट घेऊन ते तिथे गेले होते. झोपलेला माणूस परिषद शोधत टिटवाळ्याला जात नाही. मग २३ मे १९४५ ला झरीला आदिवासींची मोठी परिषद झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्यानंतर काही आठवड्यांत गावोगाव वेठ बंद पडत गेली, लग्नगडी सावकारांच्या घरांतून सुटत गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था काही आठवड्यांत.

या वेगाकडे मराठी वाचकाने पुरेसं बघितलेलं नाही, असं मला वाटतं. आपण तो ‘जागृतीचा चमत्कार’ म्हणून वाचतो. कर्नेलमधलं ‘जागं करणं’ आठवा. वाट बघणाऱ्या प्रोग्रॅमला बाजूला काढताना त्याचं सगळं जपून ठेवलेलं असतं: तो कुठल्या ओळीवर होता, हातात कुठले आकडे होते, पुढची आज्ञा कोणती. जागं केल्यावर त्याला काही शिकवावं लागत नाही. तो बरोबर पुढच्या ओळीपासून सुरू होतो. झरीनंतरचा वेग मला असा दिसतो. लोकांना अन्याय म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं असतं, तर वर्षं गेली असती. त्यांना ते माहीत होतं. अडलं होतं ते दुसरीकडे: एकट्याने ‘नाही’ म्हटलं तर मरण, सगळ्यांनी एका दिवशी म्हटलं तर नाही. तो एक दिवस ठरवणं, ही संघटनेची कामगिरी. ती लहान नाही. पण ती ‘माणसाला जागं करण्या’पेक्षा वेगळी आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. गवताचा हंगाम ठरलेला असतो. वेळेत कापलं नाही तर सावकाराचं नुकसान. म्हणजे हातात कोयता असलेला माणूस शेताच्या कडेला नुसता बसून आहे, आणि त्याच्या बसण्याने सगळ्या तालुक्याचा व्यवहार अडलाय. सावकाराच्या वहीत त्या दिवसांपुढे काय लिहिलं असेल? ‘काम नाही’ असंच. कर्नेलमधला १९९३ चा तो दोष इथे आधीच होता: ताण सगळ्यात जास्त, आणि मोजमाप सांगतंय की हालचाल शून्य.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. गोदाराणीच्या जिवाला धोका आहे, जमा व्हा, असा खोटा निरोप फिरला होता. लोक जमले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तरी रात्रभर जमाव तिथून हलला नाही. ज्यांच्यासाठी आले होते त्या बाईंची वाट बघत राहिला. पुस्तकातला हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात भाबडेपणा दिसला होता. आता वाचताना वाट बघण्याचा निर्णय दिसतो. गोळ्या चालू असताना एका जागी थांबून राहणं हे त्या रात्रीचं सगळ्यात मोठं काम होतं.

लेखिकेच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली: शीर्षकात ‘माणूस’ हा शब्द आहे, आणि ज्यांना जनावरासारखं वागवलं त्यांच्यासाठी तो शब्द वापरणं हे त्या काळी विधान होतं. दुसरी: भीती खरी होती, आणि ती प्रोग्रॅमला नसते. अडकलेला प्रोग्रॅम सुटल्यावर त्याला अपमान आठवत नाही. माणसाला आठवतो, आणि कधी कधी सुटल्यावरही तो मान वर करत नाही. माझी उपमा इथे तोकडी पडते. संघटनेने तो वाकलेपणा सरळ केला, याला ‘जागं होणं’ म्हटलं तर मी फार भांडणार नाही. पण मग तो शब्द दोन्हीकडे लावावा लागेल. पुण्याहून आलेल्या, मुंबईत राजकारण केलेल्या एका बाईला ठाणे जिल्ह्यातली गुलामी पहिल्यांदा दिसली, तेव्हा जाग कोणाला आली? सरकारी अहवालात छापून आलेली गोष्ट मराठी वाचकाला १९७० मध्ये कळली, तेव्हा झोपलेलं कोण होतं? शीर्षकातला माणूस वारली आहे असं आपण न विचारता धरून चालतो. ते नाव वाचकालाही लागू पडतं, आणि तसं वाचलं की पुस्तक जास्त बोचतं.

फोटोत कोण दिसतं

आता परत फोनकडे, कारण ही गोष्ट १९४५ ला संपत नाही.

काम नाही हे ओळखायची दुसरीही एक रीत असते: रांग न बघता, बाहेरून, ठराविक वेळाने डोकावून. कर्नेल स्वतः बराच काळ असंच करत असे. सेकंदाला शंभर वेळा ठोका पडायचा. त्या क्षणी जो धावताना सापडला, त्याच्या नावावर पूर्ण ठोका. दोन ठोक्यांच्या मध्ये काय झालं, हिशेबात नाही. या हिशेबातून सहज निसटता येतं, म्हणजे ठोक्याच्या आधी थांबायचं आणि नंतर धावायचं, हे संशोधकांनी २००७ मध्ये करून दाखवलं. आणखी एक वेडेपणा होता: प्रोसेसर रिकामा असला तरी ठोका पडतच राहायचा. ‘झोपलास का?’ हे विचारायला दर वेळी उठवायचं. त्याच वर्षी, २००७ मध्ये, लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तीने रिकाम्या प्रोसेसरवरचा ठोका थांबवला. पुढचं काम कधी आहे हे माहीत असेल, तर मधे उठवायचं कशाला?

कर्नेलच्या वर, अँड्रॉइडमध्ये, २०१५ पासून ‘डोझ’ आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला, आणि फोन बराच वेळ हललेला नाही, तर फोन मालक झोपलाय असं धरतो आणि ॲप्सचं इंटरनेट, त्यांची कामं पुढे ढकलतो. मधूनमधून थोडा वेळ दार उघडतो, सगळ्यांना एकदम कामं उरकू देतो, पुन्हा बंद. यात अंदाज आहे, आणि अंदाज चुकू शकतो. पण तो चुकेल हे लिहिणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून डोझमध्ये ‘रिकामा’ ठरवण्याआधी खात्री करण्याच्या पायऱ्या आहेत, आणि तातडीचा निरोप आत येऊ देण्याची वाटही.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण जुन्या ठोक्याकडे परत गेलो. २०२१ मध्ये रोजगार हमीच्या कामांवर फोनवरून हजेरी घेणारं ॲप आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते बहुतेक सगळ्या कामांना सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा, जागेची आणि वेळेची नोंद असलेला मजुरांचा फोटो. डोंगराकडच्या पाड्यावर नेटवर्क कसं असतं, हे डहाणू-तलासरीत फोन वापरणाऱ्या कोणालाही विचारा. दोन फोटोंच्या मध्ये माती किती वाहिली गेली, हे फोटोत नसतं. फोटो चढला नाही तर खोदलेला चर तसाच राहतो, मजुरी अडकते.

दुःख याचं की महाराष्ट्राला रांगेची रीत माहीत होती. रोजगार हमी ही कल्पनाच आपल्या राज्याने १९७० च्या दशकात कायद्यात आणली. नंतर देशभर झालेल्या २००५ च्या कायद्यात ती स्पष्ट दिसते: काम हवं असेल तर मागणी नोंदवायची, आणि १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. म्हणजे कायद्याने मान्य केलं होतं की काम न करणारा माणूस काम मागून वाट बघत असू शकतो, आणि ती वाट बघणं व्यवस्थेच्या खात्यावर मोजायचं. लिनक्सने १९९३ मध्ये जे केलं, तेच. मागणीची नोंद ही खरी रांग होती. ती रांग नीट ठेवली, तर गावात काम आहे की नाही, कोण थांबलंय, हे कोणाचाही फोटो न काढता कळतं. मागणी नोंदलीच गेली नाही, तर कागदावर रांग रिकामी दिसते आणि दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर, गुजरातच्या किनाऱ्यावर खलाशी म्हणून, वापीच्या कारखान्यांत निघून जातात. मग पाडा ओस पडतो, आणि शनिवारी आलेल्या कोणाला तरी वाटतं, इथे वेळ थांबलाय.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. वाचलं असेल तर एकदा शीर्षकावर बोट ठेवून वाचा, आणि दर काही पानांनी विचारा: या पानावर जो गप्प आहे, त्याने आपलं नाव कुठल्या रांगेत लावलंय? बहुतेक वेळा उत्तर त्याच पानावर सापडतं. गोदावरीबाईंनी ते लिहून ठेवलंय.